हिशेब मागणारं दान

डिसेंबर आला की पुण्यातल्या माझ्या ऑफिसात एक ठरावीक दृश्य दिसतं. अमेरिकेहून महिनाभरासाठी आलेले साठीतले गृहस्थ, पायांत पांढरेशुभ्र बूट, हातात कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात मिळालेली शाल आणि चेहऱ्यावर अजून न उतरलेला आनंद. मी सीए आहे. परदेशस्थांची विवरणपत्रं भरणं हे गेली वीस वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे शाल दिसली की पुढचा प्रश्न मला आधीच कळतो. "मॅडम, कॉलेजला थोडे पैसे दिलेत. टॅक्समध्ये काही मिळेल का?"

हे विचारताना माणसं ओशाळतात. आवाज खाली येतो, वर लगेच एक पुस्ती जोडली जाते, "म्हणजे त्यासाठी दिले नाहीत हां." आपल्याकडे दान आणि सवलत हे शब्द एका वाक्यात आले की काहीतरी बाटल्यासारखं वाटतं. मांडवातल्या वर्गणीचीसुद्धा पावती पुढे केली तर "राहू दे हो" म्हणायची पद्धत. गुप्तदानाला आपण सर्वांत वरचा पाट दिला आहे.

मला हे ओशाळणं चुकीच्या बाजूला दिसतं. परदेशातून येणारी देणगी कर वाचवून देता येत नसेल, तर तोटा देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचा होतो. आणि ती तशी देता येत नाही, यामागे बहुतेक वेळा कायदा कमी आणि संस्थेची हिशेबाची नावड जास्त असते.

एक गोष्ट सांगते. माणसाचं नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. 1986 ची इंजिनीअरिंगची बॅच. एका बाकावर बसणारे दोन मित्र. एक न्यू जर्सीला गेला, दुसरा दुबईला. मेळाव्यात दोघांनीही स्टेजवरून पंचवीस-पंचवीस हजार डॉलर प्रयोगशाळेसाठी जाहीर केले. टाळ्या, शाल, श्रीफळ. संस्थेच्या उत्साहाची कमाल अशी, की जानेवारीत प्रयोगशाळेच्या दाराशी संगमरवरी पाटी लागली आणि तिच्यावर दोघांची नावं कोरली गेली.

दुबईवाल्याचे पैसे आठवड्याभरात जमा झाले. न्यू जर्सीवाल्यांचा चेक मात्र लेखा विभागाच्या कपाटात पडून राहिला आणि जूनमध्ये साभार परत आला. फरक होता पासपोर्टचा. दुबईवाल्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. भारतीय नागरिकाने परदेशात राहून, स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी योगदान नियमन कायद्याच्या, म्हणजे एफसीआरएच्या, व्याख्येत बसत नाही. न्यू जर्सीवाल्यांनी पंधरा वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. त्यांच्याकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, कोथरूडला फ्लॅट आहे, चतुर्थीचा उपास आहे. कायद्याच्या लेखी मात्र ते 'परदेशी स्रोत'. त्यांच्याकडून एक रुपया घ्यायचा तरी संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी किंवा पूर्वपरवानगी हवी. संस्थेकडे दोन्ही नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. चेक परत केला हे योग्यच झालं. नेहमीच्या खात्यात टाकला असता तर तो गुन्हा ठरला असता.

आता यात कराचा प्रश्न अजून आलेलाच नाही. समजा, तो चेक वटला असता, तरी न्यू जर्सीवाल्यांना अमेरिकेत एका डॉलरचीही वजावट मिळाली नसती. अमेरिकेने देणग्यांवर वजावट द्यायला सुरुवात केली 1917 मध्ये. पुढे 1938 च्या महसूल कायद्यात व्यक्तींसाठी अट आली, की देणगी घेणारी संस्था अमेरिकेतच स्थापन झालेली पाहिजे. त्यामागचा युक्तिवाद रोखठोक होता. सरकार देणगीवरचा कर सोडतं, कारण एरवी जो खर्च सरकारला करावा लागला असता तो देणगीदार करतो. परदेशातल्या संस्थेला दिलेल्या पैशाने आमच्या तिजोरीवरचं कुठलं ओझं कमी झालं? कॅनडा, मेक्सिको आणि इस्रायल यांच्याशी केलेल्या करारांत अमेरिकेने याला मर्यादित अपवाद ठेवले आहेत. भारताबरोबरच्या करारात तसं कलम नाही.

मग ऑक्सफर्डला अमेरिकेतून पैसा कसा जातो? 'अमेरिकन्स फॉर ऑक्सफर्ड' नावाच्या संस्थेतून. केंब्रिजसाठी 'केंब्रिज इन अमेरिका' आहे. आयआयटी मुंबईच्या अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांनी नव्वदच्या दशकातच आपलं हेरिटेज फाउंडेशन उभं केलं. तिकडच्या प्राप्तिकर कायद्याच्या 501-सी-3 या कलमाखाली नोंदलेली अमेरिकन संस्था काढायची, देणगी तिला द्यायची, वजावट तिथे घ्यायची आणि त्या संस्थेने विद्यापीठाच्या कामाला अनुदान द्यायचं. मार्ग सरळ आहे, वर्षानुवर्षांचा मळलेला आहे. आणि आयआयटीला दुसऱ्या टोकालाही अडचण नाही. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे हिशेब कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, तपासणं बंधनकारक आहे, अशा संस्थांना केंद्राने एफसीआरएमधून सूट दिलेली आहे.

यातून नेमका किती फरक पडतो, ते न्यू जर्सीवाल्यांच्याच आकड्यांवर बघू. नवराबायकोचं उत्पन्न 32 टक्के कराच्या टप्प्यात. घराचं कर्ज, राज्याचे कर धरून ते वजावटी एकेक करून मांडतात. त्यांनी 25 हजार डॉलर अमेरिकन संस्थेमार्फत दिले असते तर साधारण 8 हजार डॉलर कर वाचला असता. (2026 पासून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतची देणगी हिशेबात धरत नाहीत, म्हणून आकडा थोडा खाली येईल.) म्हणजे खिशातून जेवढे 25 हजार जाणार होते, तेवढ्याच झळीत त्यांना 36 हजारांच्या वर देता आले असते. त्यातही रोख देण्याऐवजी शेअर दिले असते तर आणखी. त्यांच्याकडे कंपनीचे जुने शेअर आहेत, 5 हजारांना घेतलेले, आज 25 हजारांचे. विकून पैसे दिले तर 20 हजारांच्या नफ्यावर केंद्राचाच किमान 15 टक्के कर, म्हणजे निदान 3 हजार डॉलर. तेच शेअर, वर्षाहून अधिक काळ ठेवलेले असल्याने, तसेच संस्थेच्या नावावर केले तर नफ्यावर कर शून्य आणि वजावट पूर्ण बाजारभावाची.

ते 8 आणि 3 मिळून 11 हजार डॉलर कुणाचे होते? माझ्या मते प्रयोगशाळेचे. म्हणून ओशाळणाऱ्या माणसाला मी सांगते, वाचलेला कर खिशात घालू नका, देणगीत मिसळा, म्हणजे लाज वाटायचं कारणच उरणार नाही. ब्रिटनच्या गिफ्ट एडमध्ये ही मिसळण्याची सोय कायद्यातच आहे, म्हणून ती मला जास्त आवडते. करदात्याने 100 पौंड दिले की संस्था सरकारकडून आणखी 25 मागून घेते. 40 टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस उरलेल्या फरकाचे 25 पौंड स्वतः परत मागू शकतो, पण पहिला लाभ संस्थेच्या गल्ल्यात पडतो. अट तिथेही तीच, संस्था ब्रिटिश हवी. पूर्वी युरोपीय संघातल्या संस्थांनाही चालायचं, एप्रिल 2024 पासून तेही बंद झालं.

दुबईवाल्याला हे सगळं ऐकवलं तेव्हा तो खदखदून हसला. तिथे पगारावर करच नाही, तर वजावट कसली!

मधल्या पिढीचा पेच याहून गमतीदार आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेली, अजून भारतीय पासपोर्ट बाळगणारी पोरं. त्यांनी थेट पुण्याच्या संस्थेला पैसे पाठवले तर एफसीआरएची भानगड नाही, पण अमेरिकेत वजावट नाही. अमेरिकन संस्थेमार्फत पाठवले तर वजावट मिळते, पण तो पैसा आता एका अमेरिकन संस्थेचा झाला, म्हणजे परदेशी योगदान; पुन्हा एफसीआरए आलंच. इथल्या फ्लॅटच्या भाड्यावर भारतात कर भरत असतील तर देणगीवरची, 80-जी कलमाची वजावट घेता येईल असं वाटतं, पण नव्या कररचनेत ती नाही, आणि नवी रचना आता आपोआप लागू होते. जुनी हवी तर तसं निवडावं लागतं. ती निवडली तरी नुसती पावती पुरत नाही. संस्थेने देणग्यांचं विवरण प्राप्तिकर खात्याला वेळेत भरून प्रमाणपत्र द्यावं लागतं. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. पेच तेच राहिले.

एवढं सगळं सांगितल्यावर एखादा म्हणेल, मग कायदाच आडवा येतोय, कॉलेज बिचारं काय करणार? इथेच माझं म्हणणं वेगळं आहे. पन्नास-साठ वर्षं चालू असलेल्या शिक्षणसंस्थेला एफसीआरए नोंदणी अशक्य नाही. तीन वर्षं अस्तित्व आणि त्या काळात मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च, या अटी तर आपल्याकडची मध्यम संस्थासुद्धा सहज पार करते. अवघड आहे ते पुढचं. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. त्याचा जमाखर्च वेगळा ठेवायचा, दरवर्षी वेगळं विवरणपत्र, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी. ही दुरुस्ती मला सगळीच पटते असं नाही. छोट्या, प्रामाणिक संस्थांची तिने कोंडी केली आहे, आणि नोंदणीचं नूतनीकरण हे सरकारच्या मर्जीवर टांगलेलं राहतं. पण विद्यापीठासारख्या, लेखा विभाग असलेल्या संस्थेला हे झेपत नाही असं म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

अमेरिकेची बाजू तर सरळच हिशेब मागते. तिकडच्या संस्थेचा उपयोग नुसता नळी म्हणून करता येत नाही. देणाऱ्याने अमुक कॉलेजला द्या म्हणायचं आणि संस्थेने मुकाट्याने पुढे ढकलायचं, असं दिसलं तर वजावट नाकारली जाते; हे तिकडच्या कर खात्याने 1963 मध्येच स्पष्ट करून ठेवलं आहे. संस्थेच्या मंडळाने प्रकल्प स्वतः तपासायचा, पैसा कुठे गेला ते बघायचं, न पटल्यास थांबवायचा. म्हणजे इकडच्या विद्यापीठाला तिकडच्या पाच-सात जणांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. यंत्र आलं का, बसलं का, चालतं का, त्याची बिलं कुठे?

आणि इथे आपली माणसं बिथरतात. मी एका बैठकीला हजर होते. अशाच एका संस्थेत, परदेशी देणग्यांसाठी काय करावं लागेल ते समजावून सांगायला बोलावलं होतं. वार्षिक खर्चाचा अहवाल तिकडच्या मंडळाला द्यावा लागेल म्हटल्यावर एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "द्यायचे तर विश्वासाने द्यावेत. हिशेब मागणारं दान आम्हाला नको." चहा आला, विषय संपला. त्याच संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांना दर दिवाळीला मदतीचं आवाहन करणारी ईमेल जाते, ती मात्र अजून चुकत नाही.

त्या विश्वस्तांना मला महर्षी कर्व्यांची आठवण करून द्यावीशी वाटली होती. मार्च 1929 मध्ये, वयाच्या सत्तरीत, महिला विद्यापीठासाठी ते परदेशदौऱ्यावर निघाले. लंडन, जिनिव्हा, डेन्मार्क, मग अमेरिका आणि परतीच्या वाटेवर जपान, जिथल्या महिला विद्यापीठाच्या माहितीपत्रावरून त्यांना स्वतःच्या विद्यापीठाची कल्पना सुचली होती. एप्रिल 1930 मध्ये ते परत आले ते 27 हजार रुपये घेऊन. वर्ष सरायच्या आत पुन्हा बाहेर पडले, या वेळी आफ्रिकेला: मोम्बासा, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत. पंधरा महिन्यांत 34 हजार जमले. ज्या विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी 1920 मध्ये 15 लाखांची देणगी देऊ केली होती, त्याच्यासाठी हा म्हातारा माणूस बोटीने जग पालथं घालत होता, आणि सभेसभेतून संस्थेत काय चाललंय ते अनोळखी लोकांना समजावून सांगत होता. परदेशी देणगीदाराला उत्तरं देण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आज बोटीने जावं लागत नाही, एक अहवाल ईमेल करायचा असतो.

गुप्तदानाचंही तसंच. ऑगस्ट 2023 मध्ये आयआयटी मुंबईला एका माजी विद्यार्थ्याने हरित ऊर्जेच्या संशोधनासाठी 160 कोटी रुपये दिले आणि नाव जाहीर करू नका म्हणून सांगितलं. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. पण नाव जगापासून लपवणं वेगळं आणि कागदापासून लपवणं वेगळं. देणाऱ्याची ओळख नोंदवलेली नाही अशा देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या, तर भारतीय कायदा शिक्षणसंस्थेकडून त्यांवर 30 टक्के कर घेतो. धार्मिक न्यासाची दानपेटी यातून सुटते, विद्यापीठाची सुटत नाही. गंमत म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. देवापुढे हिशेब नसला तरी चालेल आणि विद्येपुढे तो हवाच, असं कायदा म्हणतोय, आणि त्यातला निदान उत्तरार्ध मला मान्य आहे.

एक आक्षेप मात्र मी हलक्याने घेत नाही. वाचवलेला कर म्हणजे अखेर न्यू जर्सीच्या किंवा लेस्टरच्या शेजाऱ्याचा पैसा. तिथल्या शाळा, रस्ते, रुग्णालयं यांच्या वाट्याचा. तो पुण्याच्या प्रयोगशाळेला का जावा? 1938 च्या अमेरिकन खासदारांनी हेच विचारलं होतं. माझं उत्तर हिशेबाचंच आहे. ही 1986 ची बॅच नाममात्र फी भरून शिकली. वर्गखोल्या, प्राध्यापकांचे पगार, वर्कशॉपमधलं लेथ, सगळं इथल्या करदात्याने भरलं. त्यात तो करदाताही होता ज्याच्या गावात दहावीपर्यंतची शाळा नव्हती. आणि पुढची पस्तीस वर्षं त्या शिक्षणावरचा प्राप्तिकर मिळाला वॉशिंग्टनला आणि न्यू जर्सीच्या राजधानीला, ट्रेंटनला. त्यातले काही हजार डॉलर, तिकडच्याच कायद्याने, तिकडच्याच देखरेखीखाली उलटे आले तर कुणी कुणाला लुबाडलं असं मला वाटत नाही. भारताने तर पुढच्या वेळी कराराची बोलणी होतील तेव्हा इस्रायल-मेक्सिकोसारखं कलम मागावं. मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नाहीच.

दुसरा आक्षेप, की हा सगळा पैसा आधीच सुखवस्तू असलेल्या संस्थांकडे जातो. खरं आहे. ज्याच्या माजी विद्यार्थ्यांत सिलिकॉन व्हॅलीचे संस्थापक आहेत, त्याच्याकडे फाउंडेशन आहे, वकील आहे, देणगीसाठी चोवीस तास उघडी वेबसाइट आहे. मराठवाड्यातल्या विद्यापीठाचे वीस-पंचवीस माजी विद्यार्थी टेक्सासमध्ये असतील. तेवढ्यांसाठी अमेरिकेत संस्था काढून तिचं वार्षिक विवरणपत्र भरत बसणं परवडत नाही. म्हणूनच महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांनी मिळून अमेरिकेत एक आणि ब्रिटनमध्ये एक सामाईक संस्था काढावी, असं मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगते आहे. सामाईक संस्था तिकडेच हवी. मुंबईत एक न्यास काढून त्याने सगळ्यांना वाटप करावं, ही सुचायला सोपी कल्पना आहे, पण परदेशी पैसा पुढे वाटायला बंदी असल्याने ती उभी राहतानाच कोसळते. तिकडून पैसा थेट त्या त्या विद्यापीठात यायला हवा, म्हणजे प्रत्येकाने आपली नोंदणी किंवा सूट आधी पक्की करायला हवी. कुलगुरूंच्या एका बैठकीचा विषय आहे. तिकडे मंडळावर बसायला निवृत्तीला टेकलेली मराठी माणसं हवी तेवढी मिळतील. आमच्याकडे डिसेंबरात येतात ती सगळी काम शोधतच असतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवायला हवी, नाहीतर मंत्रालयात कुणालातरी भलतीच कल्पना सुचायची. देणगी ही अनुदानाला पर्याय नव्हे. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा न्यू जर्सीहून भरल्या जाणार नाहीत आणि भरल्याही जाऊ नयेत. देणगीदाराला इमारत आवडते, तिच्यावर नाव लागतं. प्रयोगशाळा सहायकाच्या पगारावर कुणाचं नाव लागत नाही. म्हणून कायम निधीसाठी पैसे द्या, त्याच्या व्याजातून दरवर्षी काहीतरी चालेल, असं मी माझ्या लोकांना सांगते. दहातले दोघे ऐकतात.

न्यू जर्सीवाले गेल्या डिसेंबरात पुन्हा आले होते. बूट तेच, शाल नव्हती. ते 25 हजार त्यांनी शेवटी दिले, शेअरच्या रूपात, 31 डिसेंबरच्या आत, वजावटीसह. पण ज्या संस्थेत त्यांनी एक दिवसही काढला नाही अशा एका संस्थेला, कारण तिचे कागद तयार होते आणि तिने तीन दिवसांत उत्तर दिलं. "माझ्या कॉलेजला द्यायचे होते हो," ते दोनदा म्हणाले. मग जाताना मोबाइलमधला एक फोटो दाखवला. मेळाव्याला गेले नव्हते, मित्राने पाठवला होता. प्रयोगशाळेचं दार, बाजूला संगमरवरी पाटी. दोन्ही नावं अजून तशीच आहेत.